अंगठा आईचा, आशीर्वाद कुणाचा?

पत्र

सलाम. मी ठाण्याला राहते, वय ४६. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झाले. श्रीनगरला त्यांच्या नावावर फ्लॅट होता. मृत्युपत्र न करताच ते गेले. नॉमिनी आई होती म्हणून सोसायटीने तिचं नाव लावलं. पुढे आईला पॅरालिसिस झाला आणि शेवटपर्यंत ती माझ्याकडेच राहिली. तिचं अंग पुसणं, डायपर, मालिश, सगळं मी आणि माझ्या मुलीने केलं. भाऊ घोडबंदर रोडला राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी फेरी मारायचा. एका नोव्हेंबरमध्ये पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी म्हणून तो आईला गाडीतून घेऊन गेला. आई गेली. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली, तेव्हा गेल्या महिन्यात सोसायटीच्या ऑफिसात मला कळलं की त्या दिवशी आईचा अंगठा बक्षीसपत्रावर घेतला होता. फ्लॅट भावाच्या नावे. आणि बिल्डरला कागद पूर्ण हवेत म्हणून आता तो माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे.

भाऊ आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. हंगामाच्या सणाला त्याने उभं राहून साक्ष दिली, ‘प्रभूने मला नव्या घराचा आशीर्वाद दिला.’ सगळे आमेन म्हणाले. मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘योसेफाची गोष्ट आठवा. माणसं वाईट योजतात, देव त्यातून चांगलं करतो. क्षमा करा, सही करून टाका.’ पुढच्याच रविवारी उपदेश याकोबावर होता. बापाला फसवून आशीर्वाद घेतला, तरी देव त्याच्याच बरोबर. मी अर्ध्या उपासनेतून उठून आले ती परत गेलेले नाही. देव माझ्या भावाच्याच बाजूचा आहे का? आईने मला एका शब्दाने का सांगितलं नाही? आणि नाताळला सगळे भावाकडे जमतात, तिथे जायचं की नाही?

– एक भगिनी, ठाणे

उत्तर

भगिनी, सलाम.

आधी एक काम. त्या हक्कसोडपत्रावर सही करू नका. का, ते पुढे लिहिते, पण हे पत्र वाचून होईपर्यंत कुणी कागद घेऊन दारात आलंच, तर एवढं लक्षात असू द्या.

आता योसेफ. पाळकसाहेबांनी तुम्हाला जे ऐकवलं ते बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या शेवटच्या, पन्नासाव्या अध्यायात आहे आणि ते खरं आहे. त्या वचनावर मी आयुष्य काढलं आहे. पण ते कोण बोललं, ते बघा. योसेफ बोलला. ज्याला त्याच्याच भावांनी खड्ड्यात टाकलं, वीस रुप्यांना विकलं, त्याने ते विकणाऱ्यांना सांगितलं. ज्या दिवशी त्याला विकलं त्या संध्याकाळी भाऊ जेवायला बसून ‘देवाचीच योजना असेल’ असं म्हणाले असते, तर त्यांच्या तोंडी ते वाक्य देवनिंदा ठरलं असतं. विकला गेला तेव्हा योसेफ सतरा वर्षांचा. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तीस. मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, आणि मग कुठे भावांना ओळख देताना तो म्हणाला की मला देवाने तुमच्या पुढे पाठवलं. म्हणजे बावीस वर्षं गेली. बाप वारल्यावर, आणखी सतरा वर्षांनी, तेच तो पुन्हा बोलला, तेही भाऊ घाबरून पाया पडायला आले म्हणून.

त्या खड्ड्यात काय झालं ते सदतिसाव्या अध्यायात लिहिलेलं नाही. ते बेचाळिसाव्यात येतं, भावांच्याच तोंडून: तो गयावया करत होता, त्याच्या जिवाची तळमळ आम्ही बघत होतो, आणि आम्ही ऐकलं नाही. इतकी वर्षं ते ओरडणं त्यांच्या कानातून गेलं नव्हतं. योसेफ गप्प बसून योजनेची वाट बघत नव्हता, तो ओरडत होता. पुढे तुरुंगात प्यालेबरदाराच्या, म्हणजे फारोला मद्य देणाऱ्या सेवकाच्या, स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर त्याने काय केलं? फारोच्या कानावर माझी गोष्ट घाला, मला इथून सोडवा, मला चोरून आणलंय आणि इथेही मी तुरुंगात टाकण्याजोगं काही केलेलं नाही, अशी रीतसर विनंती केली. देव बरोबर होता हे त्याच गोष्टीत वारंवार लिहिलंय. तरी त्याने अर्ज केला. त्याच्या विश्वासात दोन्ही बसत होतं. प्यालेबरदार दोन वर्षं विसरला ही गोष्ट वेगळी.

म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने ‘देवाने यातून चांगलं योजलं’ असं दुसऱ्या कुणी म्हणायचं नसतं. पाळकाने नाही, मीही नाही, आणि ज्याने अन्याय केला त्याने तर मुळीच नाही. तुम्ही कधी म्हणाल का, मला माहीत नाही. कदाचित तुमची मुलगी म्हणेल, तुम्ही नसताना. पण आज तुम्हाला ते म्हणता येत नाही म्हणून तुमचा विश्वास कमी पडला, असं कुणी सांगितलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही ज्या उपदेशातून उठून आलात, तो अर्ध्यावर थांबला असावा असं मला वाटतं. कारण पवित्र शास्त्र याकोबाला काही सोडत नाही. आंधळा बाप इसहाक, बकरीच्या करडांचं कातडं हाताला आणि मानेला गुंडाळलेला मुलगा, अंगावर थोरल्या भावाचे, एसावाचे कपडे, आणि ‘तू कोण?’ विचारल्यावर ‘मी एसाव.’ बापाला संशय आला, त्याने जवळ बोलावून चाचपलं, पुन्हा विचारलं, आणि हा दुसऱ्यांदाही खोटं बोलला. मध्येच देवाचं नावही घेतलं: शिकार एवढ्या लवकर कशी मिळाली, तर म्हणे तुमच्या देवाने घडवून आणलं. भगिनी, हंगामाच्या सणाची साक्ष ऐकताना तुमच्या पोटात जे ढवळलं, ते त्या ओळीत अगदी तसंच लिहून ठेवलेलं आहे.

पुढे काय झालं? ज्या आईने, रिबकेने, हे सगळं घडवून आणलं तिने लाडक्याला ‘थोडेच दिवस’ म्हणून हारानला पाठवलं, आणि त्या मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचं शास्त्रात कुठेही नाही. तिथे मामा लाबानाने लग्नात रात्रीच्या अंधारात धाकट्या राहेलऐवजी थोरली लेआ दिली आणि सकाळी वर सांगितलं, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. थोरल्या-धाकट्याची अदलाबदल करणाऱ्याला हे ऐकावं लागलं. वीस वर्षांची चाकरी, दहा वेळा बदललेली मजुरी. आणि म्हातारपणी त्याच्याच मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकला. करडांच्या कातड्याने बापाला फसवणारा शेवटी बकऱ्याच्या रक्ताने फसला. फारोने वय विचारलं तेव्हा हाच आशीर्वादित याकोब म्हणाला, माझ्या आयुष्याचे दिवस थोडे आणि दुःखाचे झाले.

हे तुमच्या भावाचंही असं होईल म्हणून लिहीत नाही. कदाचित त्याचं काहीच वाकडं होणार नाही, नवीन टॉवरमध्ये तो सुखाने म्हातारा होईल. मला इतकंच म्हणायचं आहे की याकोबाला देवाने हाताशी धरलं म्हणजे त्या दिवशीच्या लबाडीवर शिक्का मारला, असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. देवाने तर ही मुलं पोटात असतानाच रिबकेला सांगितलं होतं की थोरला धाकट्याची सेवा करील. म्हणजे जे मिळणारच होतं त्यासाठी खोटं बोलायची गरज नव्हती. घाई माणसांची होती. देवाने त्या घराण्याला धरून ठेवलं, कारण याकोबाच्या आजोबाला, अब्राहामाला, दिलेलं वचन पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांसाठी होतं आणि ते एका कुटुंबाच्या नालायकपणावर सोडून द्यायला तो तयार नव्हता. आणि ते वचन पुढे गेलं कुणाकडून? अंधारात ढकललेल्या, नवऱ्याला नकोशा असलेल्या लेआच्या पोटच्या यहूदाकडून. दावीद त्याच वंशातला, आपला प्रभूही. हा यहूदा काही साधू नव्हता, योसेफाला विकू या हे त्यानेच सुचवलं. पण धाकट्या भावावर, बन्यामिनावर, बेतलं तेव्हा ‘त्याच्या जागी मला गुलाम ठेवा’ म्हणून हाच पुढे आला. देवाची योजना मला अशा ठिकाणी दिसते, कुणाच्या नावावर काय चढलं यात क्वचितच.

एसावाबद्दल सहसा कुणी उपदेश करत नाही, म्हणून दोन शब्द. बाप थरथर कापत म्हणाला की आशीर्वाद दुसरा घेऊन गेला, तेव्हा एसाव मोठ्याने, कडू आवाजात ओरडला, ‘बाबा, मलाही आशीर्वाद द्या.’ ज्या पुस्तकाचा नायक याकोब, त्याच पुस्तकाने त्याच्याकडून लुबाडल्या गेलेल्याचं रडणं जपून ठेवलं आहे, गाळलेलं नाही. देव तुमच्या भावाच्या बाजूचा आहे का, असं विचारता ना? त्याने लिहवून घेतलेल्या ग्रंथात तुमचा आवाज आहे. वर्षांनी भाऊ भेटले तेव्हा याकोब पुढे येता येता सात वेळा जमिनीपर्यंत वाकला आणि शेरडं-मेंढरं, उंट, गाई समोर करून ‘हे घेच’ म्हणून आग्रह करत राहिला. एसाव धावत जाऊन गळ्यात पडला हे सगळ्यांना आठवतं. पण भेट घेऊन याकोब आला होता, आणि एसावाने ती शेवटी स्वीकारली, हे विसरलं जातं. समेटात काहीतरी परत द्यावं लागलं.

आता कागद. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना वारशासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला, मागे बायको आणि मुलं असली, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना समान. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही, मुलीचं लग्न झालं आहे की नाही हेही त्यात नाही. म्हणजे वडील गेले त्या दिवशीच त्या फ्लॅटमध्ये आईचा एक, भावाचा एक आणि तुमचा एक, असे तीन सारखे वाटे पडले. सोसायटीने आईचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तेव्हा ते बक्षीसपत्र अगदी खरं धरलं, तरी आई फक्त तिचा वाटा देऊ शकत होती. तुमचा वाटा तिच्या अंगठ्याने जात नाही, आणि भावाच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक आहे. नाहीतर तुमच्याकडे हक्कसोडपत्र मागायची गरज काय होती?

आईच्या वाट्याचं बक्षीसपत्र फसवून घेतलं असेल तर तेही रद्द करून मागता येतं, मात्र फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तुम्हाला गेल्या महिन्यात कळलं आहे. वेळ आहे, पण रेंगाळू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची आणि इंडेक्स टूची, म्हणजे त्याच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत काढा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असणारच, ते कोण ते बघा. आईचे त्या काळातले डॉक्टरांचे कागद एका फाइलमध्ये लावा. सोसायटीला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, म्हणजे बिल्डर भावाशी परस्पर करार करताना सगळ्यांना माहीत असेल. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, म्हणून पुढचं पाऊल वकिलाला विचारूनच टाका.

तुम्ही हे केलंत की मंडळीत कुणीतरी करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय काढणार: विश्वासी भावाने भावाला कोर्टात खेचू नये. त्यांना तो अध्याय पूर्ण वाचायला सांगा. पौल तिथे आधी विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा करणं मंडळीचं काम आहे. ‘सही करून टाका’ हा निवाडा नव्हे. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असंही पौल विचारतो, ते मी लपवत नाही. काही लोकांनी तसं सोसलं आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तसं सोडून देणं हे ज्याचं आहे त्याने, डोळे उघडे ठेवून, स्वतः ठरवायचं असतं. आणि लगेच पुढची ओळ आहे: तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, तेही आपल्या भावांना. ही ओळ तुमच्या भावाला वाचून दाखवणारं कुणी आहे का मंडळीत?

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी आहेत. बाप मेला, भाऊ नाही, वाटणीत नाव नाही. त्या मोशेपुढे, याजकापुढे, सरदारांपुढे, सगळ्या मंडळीपुढे दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाच्या वाट्याचं आम्हाला द्या. मोशेने ते देवापुढे नेलं. देव म्हणाला, त्या म्हणतात ते बरोबर आहे. ‘समाधान मान’ असं त्याने त्यांना सांगितलं नाही.

क्षमेबद्दल एवढंच, की ती मनातली गोष्ट आहे आणि तिला स्टॅम्पपेपर लागत नाही. वाटा मागूनही क्षमा करता येते. वाटा सोडूनही मनात विष राहू शकतं, अशी माणसं मी या शहरात पुष्कळ पाहिली आहेत. तुमची क्षमा तुमच्या वेळेने होऊ द्या.

आईचं मला सगळ्यात वाईट वाटलं. तिने सांगितलं नाही याचा तुम्हाला राग आहे. पण पॅरालिसिस झालेली, ‘हयातीचा दाखला’ ऐकून गाडीत बसलेली बाई, तिला आपण कशावर अंगठा उठवतोय हे कळलं होतं हे तुम्ही कशावरून धरून चालता? घरी आल्यावर सांगण्यासारखं काही घडलं असं तिला वाटलंच नसेल. आंधळ्या इसहाकाला शास्त्र दोष देत नाही. तुम्हीही आईला या हिशेबातून सोडवा, निदान साक्षीदार काय सांगतात ते कळेपर्यंत.

आणि मंडळी. माणसांच्या रागापायी प्रभूच्या मेजापासून दूर राहू नका. पंडिता रमाबाईंची आठवण देते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई-वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला. इंग्लंडमध्ये ज्या इंग्रज मिशनरी भगिनींनी आसरा दिला, त्यांच्याशी ख्रिस्ती झाल्यावर विश्वासाच्या बाबतीत त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि त्यांनी ते पत्रांतून स्पष्ट लिहिले. मोठ्यांनी सांगितलं म्हणून मान डोलावली नाही, आणि माणसांशी पटलं नाही म्हणून ख्रिस्तालाही सोडलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या, केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. उपाशी मुलीचे डोळे कसे असतात हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून पहिला दुष्काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही, त्याही कुठे म्हणाल्या असतील असं वाटत नाही. पण देवाने त्यांचं सोसणं वाया जाऊ दिलं नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमची ती आईच्या उशाशी काढलेली वर्षंही तो वाया जाऊ देणार नाही. ती कशी आणि कधी फळाला येतील हे मला दिसत नाही, तरी विश्वास आहे.

सध्या दुसऱ्या मंडळीत उपासनेला जा. ठाण्यात मराठी उपासना काही एकाच ठिकाणी होत नाही. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं करा: आधी भावाशी एकट्याने बोला. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, त्यात मामा-काका असे कुणी वडीलधारे असू द्या. तरी नाही, तर मंडळीच्या पंचकमिटीला लेखी द्या. खजिनदाराबद्दलचं लेखी पत्र त्यांना दप्तरात घ्यावंच लागेल. फोनवर बोलू नका, रडू येईल आणि तो फोन ठेवेल. चार ओळी लिहा: दादा, वडिलांच्या घरात कायद्याने माझा तिसरा हिस्सा आहे. आईचा अंगठा कसा घेतला ते मला कळलं आहे. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. बसून बोलायचं असेल तर मी तयार आहे. पत्र देण्याआधी वकिलाला दाखवा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तारीख घाला.

नाताळला तुम्ही जाऊ नका, यंदा तरी. ताटावर बसून हसणं तुम्हाला जमणार नाही, आणि हसलात तर त्याचा अर्थ तिथे वेगळा लावला जाईल. मुलीला मात्र जायचं असेल तर जाऊ द्या, अडवू नका. तिच्या मामेभावंडांनी कुणाचा अंगठा घेतलेला नाही, आणि आजीची सेवा कुणी केली हे त्या घरात तिच्याइतकं सरळ कुणीच सांगू शकणार नाही. विचारलं, तर सांगेल.